आईच्या उशाशी ठेवलेला फोन

प्रिय बडबडे,

पत्र पाहून दचकू नकोस. तुझी आई बरी आहे, म्हणजे होती तशीच आहे. तुझा फोन आला की मी ‘बरं, ठेवतो’ म्हणून दोन वाक्यांत गुंडाळतो, याचा तुला राग येतो, कळतं मला. पण तू बोलायला लागलीस की चार्जिंगचा फडशा पडतो बाई, आणि हॉस्पिटलकडे नंबर या एकाच फोनचा आहे. आईसाठी किडनी मिळाली की ते कधीही फोन करतील, आणि लागला नाही तर लगेच यादीतल्या पुढच्या माणसाला लावतील. हे ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

जन्मभर बसच्या बॅटऱ्या सांभाळल्या. टर्मिनल घासलं, पाणी घातलं, की गाडी निघाली. हा तळहाताएवढा डबा मात्र मला पुरून उरला. वर्कशॉपच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, म्हणून सकाळी पूर्ण चार्ज करून आईच्या उशाशी ठेवायचा, कामाला जायचं, आणि जेवायला घरी यावं तर त्याने मान टाकलेली. मग तू सांगितलेलं सगळं केलं. गाण्यांचं, बातम्यांचं काढून टाकलं, इंटरनेट बंद ठेवलं, उन्हाची तिरीप येते म्हणून खिडकीपासून हलवला. स्क्रीन इतकी मंद केली की कोणाचा फोन आहे ते बघायला डोळे फाडावे लागतात. आई म्हणते, माझ्या पथ्यापेक्षा याचंच पथ्य कडक आहे. डायलिसिसहून आल्यावर तिच्यात बोलायचं त्राण नसतं, पण मला टोमणा मारायला कुठून बळ येतं कोण जाणे.

शेवटी बॅटरी बदलून घेतली. तरी तेच. मी दुकानदारावर तणतणत गेलो. तो थंड डोक्याचा. म्हणाला, काका, आज इथेच राहू द्या. संध्याकाळी गेलो तर चार्जिंग जवळपास होतं तेवढंच. बॅटरी ठणठणीत आहे, घरात कोणीतरी काहीतरी चालू ठेवतंय, म्हणाला. मी हसण्यावारी नेलं. घरात आहे कोण? आम्ही दोघं.

परवा चष्मा विसरला म्हणून मधेच घरी आलो. आई झोपली असेल म्हणून चपला हातात घेऊन आत शिरलो. ती जागी होती. पाठ माझ्याकडे. तिने फोन घेतला, टॉर्च लावला, फोन पालथा घातला आणि त्यावर शाल टाकली. अगदी सावकाश, रोजचं काम असावं तसं. मग भिंतीकडे तोंड करून पडली. फोन बंद केला असता तर मी तिला जाब विचारला असता. असा संपला की मी बॅटरीला शिव्या घालणार, हे तिला पक्कं ठाऊक. मी चष्मा न घेताच परत फिरलो. त्या दिवशी कामात एकही नट धड बसला नाही.

अजून तिला काही बोललो नाही. ऑपरेशनची भीती असेल? मागे एकदा ती म्हणाली होती की तो फोन वाजेल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी रडारड चालू असेल. तेव्हा मी तिला गप्प केलं होतं. की ती नुसती दमलीय? मला विचारवत नाही गं. ती ‘नको’ म्हणाली तर मी काय करू?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. काल हॉस्पिटलातल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. गेल्या आठवड्यात किडनी आली होती. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला, बंद होता. मग ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आईला हे माहीत नाही, आणि माझ्याच्याने सांगवत नाही. तुझा नंबर मी त्यांना दिलाय. आता पुढचा फोन तुला येईल, आणि आईच्या मनात काय आहे ते कळायच्या आत तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल. म्हणून तो वाजायच्या आधी ये. तिच्याजवळ बस आणि विचार. मी बाहेर थांबेन. ती जे म्हणेल ते मी ऐकेन, देवाशपथ ऐकेन, पण तिच्या तोंडून.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच,
बाबा