लताबाईचं रक्त, माझं नाव

९ जून
आधी टपकली लताबाई. शेजारीण. तिच्या सुनेची तक्रार अर्ध्यावर आली तोच लॅबची बाई दारात. माझ्या हेमराजनेच पाठवलेली. म्हणे आई, डोळे पिवळे दिसतात, लिव्हर तपासू. डोळे पहिल्यापासून तसेच आहेत. सून कामिनी शाळेत शिकवायला गेलेली. बाईने विचारलं, इंदिराबाई कोण. मी लताबाईकडे बोट दाखवलं. सुईला मी भीत नाही, पण अंगातलं रक्त असं लोकांना वाटत कशाला सुटायचं. लताबाई चांगली भरलेली. नको नको म्हणत दिला हात. वर दोन वाट्या शेवभाजी खाऊन गेली.

११ जून
रिपोर्ट एकदम फर्स्ट क्लास. हेमराजने पेढे आणले. मी दोन खाल्ले, लताबाईला एक दिला.

२० ऑगस्ट
पोट सुटलंय. खाल्लेलं अंगी लागलं एकदाचं. हात मात्र वाळले. कामिनी म्हणते परत तपासू. म्हटलं, रिपोर्ट वाच.

४ सप्टेंबर, दुपार
शेवटी नेलंच. पण सोनोग्राफी. पोटावर गार जेल, वरून मशीन फिरवलं, झालं. सुई नाही काही नाही. जग सुधारलं. डॉक्टर जूनचा कागद बघत बसला, म्हणे हे जुळत नाही. मग मेल्याने हात धरून रक्त काढलंच. म्हणे जूनमध्ये कळायला हवं होतं. कळलं असतं तर तीन महिने टोचत बसला असता. वाचले.

१२ सप्टेंबर
जिंकले. डॉक्टर आधी हेमराजशी बाहेर बोलला. मग मला म्हणे, आजी, आता सुई नाही, आवडेल ते खा. तेच तर मी सांगत होते. हेमराजचे डोळे लाल. साथ आहे डोळ्यांची.

१८ सप्टेंबर
घर भरलं. लताबाईने पाय धरले, म्हणे अक्का, माझ्यामुळे झालं. सुनेशी पुन्हा वाजलं असेल. धुळ्याहून लेक मोहिनी आली, जावई प्रेमराजही. तो त्याच्या अहिराणीत म्हणे, बठ्ठं बेस शे, सगळं छान आहे. कामिनीने पाटल्या काढून ठेवल्या, सैल झाल्यात, हरवतील म्हणून. गुणाची आहे. मोहिनीला म्हटलं, वैशाखात आखाजीच्या सणाला माहेरपणाला ये, झोका बांधते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आखाजी लांब आहे आई. रविवारी येते. बाकीचेही रविवारीच येतो म्हणाले.