शेवटी काय म्हणाले

अप्पा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण लेक ऑफिसला गेलीये, जावई ट्रेनने लंडनला, आणि रीडिंग गावातल्या या घरात दुपारी आवाज असतो तो वॉशिंग मशीनचा. म्हणून लिहिते. लेक यायच्या आत फाडून टाकीन.

आपल्या ख्रिस्ती मंडळीत कोणी गेलं की लोक पहिलं काय विचारतात, ते तुम्हाला माहीत आहे. आजाराचं नंतर. आधी, "शेवटी काय म्हणाले?" मग तेच दफनविधीला साक्ष म्हणून सांगायचं. तुम्ही तर चर्चचे पाळक, तुमचं अख्खं गाव विचारणार. तुमच्यापाशी बसायला मी एकटीच होते, वीस वर्षांची. आई मागे चुलीवर पेज करत होती. मी बाहेर येऊन सांगितलं, "शांत गेले. प्रभू दिसतोय म्हणाले." धाकटा भाऊ रडायचा थांबला. पुढे तोही पाळक झाला, आणि दर गुड फ्रायडेला तुमचं ते वाक्य मंडळीला सांगत राहिला. तुमचं कसलं, माझंच ते.

लहानपणी मी भाकऱ्या थापायची आणि तुम्ही शेजारी बसून वचनं म्हणवून घ्यायचात. एकदा मी विचारलं, बायबलातल्या एका शुभवर्तमानात प्रभू वधस्तंभावर ओरडतो, देवा मला का टाकलंस म्हणून. दुसऱ्यात शांतपणे, काम झालं म्हणतो आणि मान टाकतो. यातलं खरं कोणतं? तुम्ही म्हणालात, "भाकरी करपतेय तिकडं. शास्त्रात खोट काढू नकोस." भाकरी करपली नव्हती. मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं मला तेव्हाही दिसत होतं.

धाकट्याला पोटाचा कॅन्सर झाला. मी रविवारी फोनच्या कार्डावरून त्याला गावी फोन करायची. त्या रविवारी म्हणाला, "ताई, भीती वाटते गं."

"पाळक ना तू? प्रार्थना कर."

"होत नाही. शब्दच येत नाहीत तोंडात. लोकांना तीस वर्षं सांगितलं आणि मलाच अप्पांसारखं जमेना. माझा विश्वासच कच्चा असणार." मग म्हणाला, "ताई, अप्पा खरंच घाबरले नव्हते?"

"नाही," मी म्हणाले. "औषध वेळेवर घे." आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये आमचा बायबलचा वर्ग असतो. मी जाते ते चहा करायला, चर्चेत मला रस नाही. व्हिकरबाई, म्हणजे इथली पाळक, पोरसवदा, पायात ट्रेनर्स. त्या फोननंतरच्या मंगळवारी तोच विषय निघाला, तुम्ही भाकरीवर ढकललेला. ती म्हणाली, सगळ्यात जुनं शुभवर्तमान ज्या मंडळीत लिहिलं, ती बहुतेक मार खाणारी, घाबरलेली माणसं होती. त्यांनी ओरडणारा येशू सांगितला. शेवटचं ज्यांनी लिहिलं, त्यांना आपल्याच लोकांनी बाहेर काढलं होतं. त्यांना पाय रोवून उभं राहायचं होतं, म्हणून त्यांचा येशू स्वतःच वधस्तंभ उचलतो, कोणाला भीत नाही. आमच्यात एक रिटायर्ड प्लंबर आहे, बिस्किटं संपवायला येतो, सगळ्या बायांना लव्ह म्हणतो. तो म्हणाला, "म्हणजे एक जण थापा मारतोय, लव्ह?"

"नाही," ती म्हणाली. "ज्यांना जो हवा होता, तो त्यांनी जपला. बरं झालं, चारही शुभवर्तमानांतले येशू ठेवले. शांत असलेला एकच ठेवला असता, तर घाबरलेल्या माणसानं कुठं जायचं?"

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. आपल्या घरात एकच ठेवला होता, अप्पा. मी ठेवला होता.

कप न धुता निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं कार्ड घेतलं, तिथंच त्यावरचा झाकलेला नंबर नखानं खरवडला, घरी येऊन धाकट्याला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. "अरे, अप्पाही घाबरले होते. तू त्यांच्यासारखाच आहेस." एवढंच.

फोन भावजयीनं उचलला. "वन्सं, आज सकाळीच गेले. तुमचा फोन कोणी उचलेना."

आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "शेवटी काय म्हणाला?"

ती थांबली. आवंढा गिळायला लागतो, तेवढंच. मग म्हणाली, "शांत गेले, वन्सं. अगदी मामंजींसारखे."

ते थांबणं मला ओळखू आलं. तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी तेवढीच थांबले होते. मी म्हणाले, "बरं झालं." दुसरं काय म्हणणार? तिची पोरं शेजारीच रडत होती.

आता खरं लिहिते, ज्याला सांगायचं तो राहिला नाही. तुम्ही म्हणाला होतात, "अंधार झालाय गं. हात धर." मी घाबरून तुमच्या हातात शास्त्राचं पुस्तक दिलं. तुम्ही ते बाजूला सारलंत आणि हात पुन्हा पुढं केलात. आणि मी पेज झाली का बघायला गेले. झाली नव्हती. मला माहीत होतं. तरी तिथंच उभी राहिले, आई ढवळत होती ते बघत. परत आले तेव्हा तुमचा हात तसाच खाटेबाहेर होता.