खारा वारा सुटायच्या आत

घरून, ११ जानेवारी, सकाळ

प्रिय मैत्री,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. बाबा फोन का उचलत नाहीत, रागावलेत का, असं तू आईला विचारलंस तेही कळलं. रागावलोय, पण तुझ्यावर नाही. तुझ्या मोबाइलवर आपल्या गावाची हवा हिरव्या चौकोनात 'समाधानकारक' दिसते आणि ते चित्र तू मला रोज पाठवतेस. पोरी, तो आकडा देणारं यंत्र आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे बसवलंय. शेजाऱ्याची नाडी धरून माझा ताप सांगण्यातला हा प्रकार आहे.

इथली हवा मी सांगतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे दोन वारे, हे तुला चौथीत शिकवलं होतं. रात्रभर जमिनीकडून मतलई वाहतो आणि सकाळी दहाच्या पुढे समुद्राकडून खारा वारा सुटतो. डोंगरामागचे खडीचे क्रशर आणि डांबराचा प्लांट नेमके मतलईच्या वेळी चालतात. पहाटे सगळा धूर, सगळी भुकटी गावावर उतरते. शाळेच्या प्रार्थनेला पोरं गातात कमी, खोकतात जास्त. मग खारा वारा येतो, सगळं झाडून नेतो आणि अकराला आलेल्या पाहुण्याला आकाश निळंशार दिसतं. काय छान हवा हो तुमची, म्हणतो आणि पापलेट खाऊन परत जातो.

मिठागरावरची काशीमावशी तुला आठवत असेल. दुसरी शिकलेली बाई. ती रोज संध्याकाळी ताज्या मिठाची थाळी बांधावर ठेवते आणि सकाळी वरचं वरचं मीठ बाटलीत भरते. तिच्या खिडकीत आता बाटल्यांची रांग लागलीय. ऑक्टोबरची पांढरी, हल्लीची उंदराच्या रंगाची. मी आयुष्यभर कपाटं भरून पुस्तकं वाचली, पण एवढं सरळ पान मला कुठे सापडलं नाही.

नोव्हेंबरात प्लांटच्या परवान्यावर सुनावणी झाली, ती तुला मी अर्धीच सांगितली होती. हवा मोजणारं यंत्र घेऊन प्रदूषण मंडळाचे साहेब शाळेच्या मैदानात नऊच्या आत हजर होते. यंत्र लगेच सुरू करू म्हणाले. मीच अडवलं. आधी माझं भाषण होऊ द्या, यंत्राभोवती गर्दी झाली तर ऐकणार कोण, असं म्हणालो. नंतर तासभर बोललो. टाळ्या पडल्या. शेजारच्या हर्षदने हार घातला. यंत्र सुरू झालं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि माझ्या गळ्यातल्या हारातली फुलं समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने हलत होती. निकाल लागला, समाधानकारक! ज्या गावात शेंबड्या पोरालाही वारा फिरायची वेळ ठाऊक आहे, त्या गावाचा मास्तर घड्याळ विसरला. काशीमावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "काय मास्तर, खारा वारा येयपावत बोलत रायलास. त्यांचाच मानूस हायस का तू?" लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

तू म्हणतेस, आता पुरे, दोघंही माझ्याकडे राहायला या. तुझी माया कळते. पण माझे आजोबा पाण्यावरचा हक्क बजावायला इथून महाडपर्यंत चालत गेले होते. पाणी मिळत नाही म्हणून ते गाव सोडून गेले नाहीत. मी हवेपायी जाऊ? आणि मी गेलो तर काशीमावशीने कुठे जायचं? तिचं मिठागर काय पिशवीत भरून नेता येतं? हवा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती कुणीही घाण करावी असा अर्थ होत नाही. ती सगळ्यांची आहे, एवढाच होतो. मी हटणार नाही. हे मी भाषणासारखं लिहितोय असं तुला वाटेल. असू दे. मला दुसऱ्या प्रकारे लिहिता येत नाही.

आम्ही चारशे सह्या नेऊन दिल्या आणि फेरमोजणी मंजूर करून घेतली. येत्या गुरुवारी साडेआठला साहेब येतील. त्याआधी त्यांना पोहोचता येत नाही. यंत्राला सलग एक तास लागतो. ते सुरू करण्याआधी गावातर्फे एकानेच, पाच मिनिटांत निवेदन करायचं, अशी अट आहे. हर्षद म्हणतो, मास्तर, तुम्हीच. सगळं गाव तेच म्हणतंय. काशीमावशी मात्र माझ्या छातीकडे बघत राहिली. तिला कळलंय.

तुला दहाव्या वर्षीची जयंती आठवते? विहारासमोर मी लिहून दिलेलं चार पानी भाषण तू पाठ केलं होतंस. चार वाक्यं बोललीस, जय भीम म्हणालीस आणि खाली बसलीस. घरापर्यंत मी तुला बोल लावत आलो. तू त्यानंतर कधी माइकसमोर उभी राहिली नाहीस. तो अपराध माझा. आज आठवून बघतो, तर ती चारही वाक्यं पुरेशी होती.

फोन उचलत नाही, कारण तू ऐकलं असतंस. नोव्हेंबरातल्या भाषणात मी पाच वेळा थांबलो. लोकांना तो वक्तृत्वाचा थाट वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी श्वास शोधत होतो. अलिबागच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो काढलाय. खिशात पंप आहे आणि एका दमात माझी दोन वाक्यं होतात, तिसऱ्याला शिटी वाजते. कीव करू नकोस, मी पुरता शाबूत आहे आणि गुरुवारी पहिल्या रांगेत बसणार आहे. पण बोलायचं तू. बुधवारी संध्याकाळच्या बोटीने मांडव्याला उतर, हर्षद घ्यायला येईल. मी काही लिहून देणार नाही. काशीमावशीच्या बाटल्या टेबलावर मांड, तुझी चार वाक्यं बोल आणि खाली बस. या वेळी मी घड्याळ बघत असेन.

टाळ्या वाजवायला तरी दम राखून ठेवलेला,
तुझाच
बाबा