दहा खोल्यांचं पाणी

प्रिन्स एडवर्ड आयलंड
रविवार, १४ सप्टेंबर २००८

तीर्थरूप भाऊजी,

तुम्हाला आणि चित्रावहिनींना शोभाचा वाकून नमस्कार. विनिपेगला थंडी सुरू झाली असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? इथे वारा बदललाय, पण दुपारी अजून स्वेटर लागत नाही. गणपती दीड दिवसाचाच बसवला. या वर्षी मोदक एकही फुटला नाही, हे वहिनींना मुद्दाम सांगा.

तुम्ही म्हणाल, परवाच फोन झाला, मग पत्र कशाला? फोनवर तुम्ही बोलता आणि मी "हो भाऊजी, हो भाऊजी" करत राहते. फोन ठेवला की आठवतं, मला वेगळंच काही सांगायचं होतं. म्हणून कागद घेऊन बसलेय.

आधी या उन्हाळ्यातली हकीकत ऐका.

इथलं पाणी तुम्हाला माहीत आहे. ही जागा घेतली त्याच आठवड्यात पहिल्यांदा आलात, तेव्हा अंघोळ अर्धी टाकून ओरडला होतात, "शोभा, हा साबण आहे की दगड?" समुद्र दारात, पण नळाला पाणी बोअरचं, सगळा क्षार घेऊन वर येणारं. किटलीत पांढरे पोपडे, शॉवरची भोकं बुजलेली, टॉवेल वाळले की पापडासारखे कडक. घरी असलं पाणी असलं तर माणूस चालवून घेतो. मोटेलमधला गेस्ट पैसे देऊन का चालवून घेईल? म्हणून कनाटा शहरातली नोकरी गेल्यावर ह्यांनी ही जागा घेतली, तेव्हा सगळ्यात आधी बेसमेंटमध्ये सॉफ्टनर बसवला. उंच टाकीत मिठाच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, बाकी ते मशीन आपलं आपण पाणी मऊ करतं. ते खातं ह्यांचं. मी खोल्या, ब्रेकफास्ट आणि बुकिंग बघायची. हे गेल्यावर मी मीठ तेवढं ओतत होते, आणि ओतलं की लगेच वर येत होते. खाली ह्यांची हत्यारं तशीच लटकलेली आहेत. तिथे उभं राहवत नाही.

तर जुलैत टाकीतलं मीठ कमीच होईना. मला वाटलं, बरंय, बचत झाली. मग एके दिवशी तुरीची डाळ शिजेना. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, दाणा आपला टणकच. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खोलीतल्या बाई केस हातात धरून आल्या. "शोभा, तुमच्या पाण्याला काय झालं?" दर वर्षी येणाऱ्या बाई, कधी तक्रार नाही. पाठोपाठ डोना कडक टॉवेलांचा ढीग घेऊन उभी. डोना म्हणजे खोल्या आवरायला येते ती, इथल्याच एका कोळ्याची बायको. ऑगस्टचा लाँग वीकेंड तोंडावर आलेला आणि दहाच्या दहा खोल्या बुक!

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, मशीन जुनं झालंय, नवीनच घ्या, आणि मला पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही.

खरं सांगते, तुम्हालाही फोन लावणार होते. पण तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक होतं. "म्हणूनच म्हणतो, विकून टाक आणि इकडे ये." फोन ठेवून दिला.

चेकआउट आटोपले तशी डोनाला घेऊन खाली गेले. मशीनला चारी बाजूंनी बघितलं. काही कळेना. मग आपण कलिंगड वाजवतो ना, तशी टाकी वाजवून बघितली. वर भरीव आवाज. खाली पोकळ! झाकण काढून झाडूचा दांडा आत खुपसला तर जाईना. मिठाचा जाड थर दगडासारखा जमून मध्येच अडकला होता, खाली पाणी, आणि पाण्यापर्यंत मीठ पोचतच नव्हतं. वरून टाकी भरलेली दिसते म्हणून मी खूश.

दांड्याने ठोकून ठोकून तो थर फोडला. कमरेपर्यंत टाकीत वाकले होते. डोना मागून माझे पाय धरून ओरडत होती, "शोभा, आत पडलीस तर तुझं लोणचं होईल!" तिला लोणचं माहीत आहे, मीच खायला शिकवलंय. गठ्ठे पातेल्याने उपसले, नवीन मीठ ओतलं, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. हात मिठाने चरचरत होते. आणि भाऊजी, त्या जागी मी तासभर उभी होते, हे वर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

सकाळी साबणाला फेस आला. बेसिनपाशी उभी राहून एकटीच हसत सुटले. वीकेंडला एकाही खोलीतून तक्रार आली नाही.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही पाठवलेले गृहस्थ मोटेल बघायला आले. चांगले आहेत. सगळे नळ सोडून बघितले, पाणी हातावर घेतलं, बेसमेंटमध्ये उतरले. मग विचारलं, "भाभीजी, ये सब कौन देखता है?"

मी म्हटलं, "मैं."

भाऊजी, हा शब्द मी इतक्या जोरात याआधी कधी बोलले असेन असं वाटत नाही. ते खूश झाले. म्हणाले, विकल्यावर तुम्हीच मॅनेजर म्हणून राहा, मला असंच माणूस हवंय. मी त्यांना चहा दिला, मऊ पाण्याचा, आणि म्हटलं, मी तर आत्ताच राहतेय की.

त्यांनी तुम्हाला काय सांगितलं माहीत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलले नाही.

हे गेले तेव्हा बर्फाच्या वादळात दोन विमानं बदलून तुम्ही आलात. फावड्याने बर्फ काढून ड्राइव्हवे मोकळा केलात, आपल्या पोरीला, ऊर्मीला, बर्नाबीहून आणलंत, मला जेवायला लावलंत. माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं केलंत. वहिनींनी माझ्यासाठी खालची खोली रंगवून ठेवली, पडदे शिवले. हे सगळं आठवतं आणि माझा पेन थांबतो. तुमच्या मायेला नाही म्हणणं मला फार जड जातंय.

पण मी येत नाही. मोटेल विकत नाही. तुम्ही पाठवलेले विक्रीचे कागद सही न करता याच पाकिटात परत पाठवतेय. ऊर्मीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, फायनली!"

तुमच्या भावाने सुरू केलेलं चालू ठेवायचं म्हणून राहतेय, असं लोकांना खुशाल सांगा. ऐकायला बरं वाटेल. पण तुम्हाला खरं सांगते, मला हे काम येतं, आणि आवडतं. या वर्षी सीझन चांगला गेला, आणि तो मी एकटीने काढला. मला माझाच अभिमान वाटतोय. या वयात असं लिहायला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

रागावलात तर रागवा. पण जूनमध्ये वहिनींना घेऊन या. समुद्राकडची खोली ठेवते. ते पडदे येताना आणा, इथे लावू.

दर पत्राखाली "आपली आज्ञाधारक" लिहीत आले. आज तेवढं लिहवत नाही. माया होती तितकीच आहे.

तुमची,
शोभा