घरच्या शाईची पत्रिका

२४ मार्च २०२५
पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा नीलेश, नेपानगरचा. मुहूर्त आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावरचा.
पत्रिका घरीच छापणार. प्रिंटर आहे, कॉम्प्युटर आहे, डोकं आहे. प्रेसवाल्या प्रकाशने भाव सांगितला, तो ऐकून मी उठूनच आलो. लुटारू.
वंदनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. बरं, म्हणाली. बायको समजूतदार असली की अर्धं काम होतं.

२६ मार्च
प्रिंटरची काळी शाई संपलेली. नवीन कार्ट्रिजच्या पैशांत दुसरा प्रिंटर येईल. व्हिडिओ बघितला. वरचं स्टिकर काढायचं, भोकातून सुईने शाई भरायची, स्टिकर परत लावायचं. पोरखेळ आहे.
मेडिकलमधून इंजेक्शनची सुई आणली. दुकानदाराने विचारलं, घरात कोण आजारी? प्रिंटर, म्हणालो. हसला नाही.

२७ मार्च
बाजारची शाई म्हणजे फालतू खर्च. मी रंगाई कारखान्यात हिशेब लिहितो. इतकी वर्षं रंगाची बिलं केली, मला रंग कोण शिकवणार? मालकाला विचारून डबीभर काळा रंग आणला. ज्या रंगात अख्ख्या बुऱ्हाणपूरचं सूत काळं होतं, त्यात चार अक्षरं काळी होणार नाहीत?
सुताला रंग धरावा म्हणून मीठ घालतात, हे इथे पोराटोरांना मालूम आहे. म्हणून चमचाभर मीठ घातलं. व्हिडिओवाल्याला हे सुचलं नव्हतं.

२८ मार्च
प्रिंटर म्हणतो, कार्ट्रिज रिकामं आहे. मी स्वतः काठोकाठ भरलंय. पोटभर जेवून उपाशी आहे म्हणणारे पाहुणे बघितले होते, मशीन पहिल्यांदा बघितलं. धोकेबाज.
दुपारी: सारखं ओके, ओके दाबत राहिलं की ऐकतं. पण कागद कोरा. मीठ अडकलं असणार. दोष मिठाचा. आजकाल बारीक मीठ मिळतच नाही.

३० मार्च, पाडवा
कार्ट्रिज कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, श्रीखंडाच्या वाटीत. त्यावरून घरात बोलणं झालं. मीठ बंद करून परत भरलं आणि छापलं. आलं एकदाचं.
रंग काळ्यापेक्षा जांभळ्याकडे जातो. शाही दिसतो. वंदनाने पत्रिका लांब धरून बघितली, मग जवळ धरून बघितली, काही बोलली नाही. कौतुकाला शब्द सापडत नसले की माणसाचं असं होतं.

९ एप्रिल
सगळ्या पत्रिका तयार. शेवटच्या गठ्ठ्यात ओळी जरा कलल्यात, पण वाचता येतात. वंदना म्हणाली, द्या माझ्याकडे, वाटायचं मी बघते, तुम्ही दमलात. खरंच दमलो. बोटं जांभळी झालीत, साबणाने जात नाहीत. याला म्हणतात पक्का रंग.
एक पत्रिका मात्र स्वतःकडे ठेवली. सगळ्यात ठळक. निंबोल्याच्या कौतिकभाऊंसाठी.

१० एप्रिल
कौतिकभाऊ वंदनाचे थोरले भाऊ. केळीचे बागायतदार. आमच्या थोरलीच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव काकाच्या खाली पडलं, तर न जेवता निघून गेले होते. आता परत मामा रुसला तर पल्लवीला मांडवात कोण आणणार? वंदनाच्या जिवाला तोच घोर.
म्हणून मी मामाचं नाव वेगळ्या ओळीत, मोठं टाकलंय. तरी वंदना म्हणत होती, दादाची पत्रिका मी देते, तुम्ही जाऊ नका. उगाच घाबरते. उद्या जातो.

११ एप्रिल
निंबोल्याहून आलो. लिहायची इच्छा नाही.

१२ एप्रिल
लिहितो. रीतीप्रमाणे त्यांच्या देवापुढे बसलो. कुंकू पाण्यात कालवून पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना बोट लावलं. मामाचं नाव खालच्या कोपऱ्याशी. ओलं बोट लागताच नाव वाहायला लागलं. पुसायला गेलो, तर पार गेलं. वरचं काकाचं नाव मात्र धडधडीत उभं.
कौतिकभाऊ बघत राहिले. म्हणाले, पाव्हणे, नाव नको होतं तर लिहायचंच नव्हतं, माझ्या घरी येऊन माझ्याच देवासमोर धुवायचं काय काम होतं. मी म्हणालो, रंग सुताचा आहे. त्याने काही सुधारलं नाही. मनकर्णावहिनींनी चहा दिला. बिनसाखरेचा.
ज्याच्या बिलात कधी एक आकडा चुकवला नाही, त्या रंगाने मला दगा दिला.
वंदना रडली.

१४ एप्रिल
वंदना आणि पल्लवी पिशवी घेऊन निंबोल्याला जाऊन आल्या. येताना हसत होत्या. कौतिकभाऊ येणार म्हणे. पिशवीत काय नेलं होतं विचारलं, तर केळीचे वेफर्स. केळीवाल्याच्या घरी केळीचे वेफर्स. असो. सुताच्या रंगाचं माझं म्हणणं त्यांना उशिरा का होईना पटलं असणार.

५ मे, लग्न
कौतिकभाऊ आले. पल्लवीला त्यांनीच मांडवात आणलं. माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातली पत्रिका दिसली. चकचकीत, सोनेरी अक्षरांची. मामाचं नाव सगळ्यात वर. मग बघतो तर ज्याच्या त्याच्या हातात तीच. खाली बारीक अक्षरात प्रकाशची प्रेस.
पल्लवीला विचारलं. म्हणाली, पप्पा, अब छोडो ना, तुम्ही सुई आणली त्याच दिवशी मम्मीने ऑर्डर दिली होती.
म्हणजे मी घरात बोटं जांभळी करत बसलो आणि हिने माझ्या पत्रिका घेऊन लपवल्या. बायकोने फसवलं. पोटच्या पोरीने फसवलं. जावयालासुद्धा मालूम होतं. जेवण गेलं नाही. प्रिंटरला मी धोकेबाज म्हणालो होतो, पण त्याने निदान पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं.

६ मे
वंदनाशी बोलायचं नाही, ठरलं.
पाहुणे निघाले. तिने कौतिकभाऊंना शेव बांधून दिली. माझ्या पत्रिकांत. गठ्ठाच्या गठ्ठा तिथे पडलेला. मी एक पुडी उचलली. शेवेचं तेल कागदात उतरलेलं, पण अक्षर जागचं हललेलं नाही. मामाचं नावसुद्धा नाही. कौतिकभाऊंना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं, पुडी पिशवीत वरच्या बाजूला ठेवली, म्हणाले, पाव्हणे, रंग तेलात टिकतो बरं का. माणूस जाणकार आहे.
आता वंदना विचारतेय, कागद संपले, अजून थोड्या छापता का, मोहल्ल्यात बुंदी वाटायची आहे.
बोलायचं नाही हे पक्कं आहे. पण शाई उरलीय. सुई कुठे ठेवली बघतो.