घरच्या मैदानावर अजिंक्य

१५ ऑगस्ट २०२४
आजपासून रोज लिहायचं. झेंडावंदन झाल्यावर प्राचार्यांनी बोलावलं. स्मरणिकेसाठी मुलींच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास मी लिहावा म्हणाले. दुसरं कोण लिहिणार? वडनेरसारख्या गावात बास्केटबॉल मी आणला. १९९६ साली रिंग बसवली तेव्हा टेपचं खालचं टोक मी स्वतः धरलं होतं. दहा फूट म्हणजे दहा फूट.

इतिहासाचं नाव ठरलं : ‘घरच्या मैदानावर अजिंक्य’. गेली पंधरा वर्षं आम्ही घरी हरलो नाही. बाहेर दरवर्षी पहिल्याच फेरीत हरतो, पण त्याला कारणं आहेत. ती शेवटी लहान अक्षरात टाकीन.

१९ ऑगस्ट
कोर्टवर नवीन काँक्रीट पडलं. इलेक्शनच्या आधी निधी संपवायचा म्हणून संस्थाध्यक्ष भैयाजींनी आणलं. हा चौथा थर. जुनं खोदायच्या भानगडीत कोणी पडत नाही, त्यावरच ओततात. आमच्या गल्लीतला रस्ताही तसाच झाला. घराला तीन पायऱ्या होत्या, आता एकही नाही. बायको कमला कुरकुर करते, “रस्ता वर गेला न् घर खाली. पाणी आत येईन तवा समजन.” बायकांना विकास दिसत नाही.

कोर्टवर पाणी साचवून ठेवलंय. पंधरा दिवस प्रॅक्टिस बंद.

२१ ऑगस्ट
भैयाजी नाराज. रिंगच्या खांबावर खाली त्यांच्या वडिलांचं नाव होतं : ‘कै. रूपरावजी यांच्या स्मरणार्थ’. आता फक्त ‘कै.’ उरलंय, बाकीचं काँक्रीटखाली. मागच्या वेळीही असंच झालं होतं. मी लगेच पेंटर बोलावला आणि नाव दोन हात वर लिहून घेतलं. आता पुढचे दोन थर तरी काळजी नाही. भैयाजी खूश. प्रश्न सोडवणं हा माझा स्वभाव आहे.

इतिहास अजून सुरू केला नाही. उद्या नक्की.

५ सप्टेंबर
चमत्कार! पोळा झाला, कोर्ट वाळलं, आज पहिली प्रॅक्टिस. सगळ्या मुलींची उडी वाढलीय. एकजात सगळ्यांची. मयुरीचा हात तर जाळीत गेला, जो जुलैत चार बोटं खाली राहायचा. पंधरा दिवस काही केलं नाही आणि उडी वाढली. म्हणजे विश्रांती! इतकी वर्षं मी मुलींना उगाच पळवत होतो. ‘विश्रांती पद्धत’ या विषयावर पेपर लिहायचा. विद्यापीठात पाठवायचा. सोबत भिजवलेले चणे.

९ सप्टेंबर
मयुरीबद्दल लिहून ठेवतो, इतिहासात लागेल. बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. बाप नाही, आई सीताबाई दुसऱ्यांच्या वावरात कामाला जाते. पोरीचा नेम असा की फ्री थ्रोला मी बघतसुद्धा नाही, फक्त जाळीचा आवाज ऐकतो.

आज प्रॅक्टिसनंतर थांबली. म्हणाली, “सर, रिंग खाली आली काय? मले जोर लावाच लागून नाई राह्यला.” मी हसलो. म्हटलं, रिंग मी स्वतः मोजलेली आहे. रिंग खाली येत नसते, खेळाडू वर जात असतो. (हे वाक्य स्मरणिकेत.)

मग खरी गोष्ट बोलली. तिला वर्ध्याला नर्सिंगची सीट मिळालीय. शुक्रवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर सीट जाईल. काय करू म्हणून विचारत होती. १ ऑक्टोबरला नागपूरला युनिव्हर्सिटी टीमची निवड चाचणी आहे. मी सांगितलं, तू टीममध्ये आहेसच असं समज. मग खेळाडू कोटा, पोलीस भरती, वर्दी. नर्सिंगला काय, कोणीही जातं.

१३ सप्टेंबर
सीताबाई घरी आली होती. ओट्यावर बसली नाही, उभीच. आता ओटा तरी कुठे राहिला म्हणा. म्हणाली, “सर, आजचा शेवटचा दिवस हाय. तुमी म्हणसान तं पाठोतो, नाई म्हणसान तं नाई पाठोत. आमाले त्यातलं काई समजत नाई.”

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या शब्दावर ठेवा. कमलानं आतून भांडं आपटलं. सीताबाई गेल्यावर म्हणाली, “दुसऱ्याच्या पोरीवर काऊन पैज लावून राह्यले?” द्रष्ट्या माणसाला घरात किंमत नसते.

संध्याकाळी मयुरी प्रॅक्टिसला आली. वर्ध्याची शेवटची बस गेलेली होती.

२१ सप्टेंबर, मॅचचा दिवस
हिंगणघाटची टीम आली. काय तो दिवस! सकाळी खांबाला हळदकुंकू, बुडाशी नारळ (रिवाज माझाच). अर्धं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून त्यांत बसलं. डफडं होतं. चिवडा होता. हिंगणघाटच्या पोरी जो बॉल टाकतील तो रिंगवरून पलीकडे. आमच्या डिफेन्सचा धाक! मयुरी थांबता थांबेना. समोरचे पॉइंट मी लिहीत नाही, वाईट वाटतं.

जाताना त्यांचे कोच म्हणाले, तुमची रिंग जरा खाली वाटते, एकदा मोजून घ्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “नाचता येईना, अंगण वाकडं!” ट्रॉल्यांमधून टाळ्या. बिचारे बसमध्ये जाऊन बसले.

रात्री इतिहासाचं पहिलं वाक्य लिहिलं.

१ ऑक्टोबर, नागपूर
लाकडी फ्लोअर. दिवे नको तितके. पाणी जड.

मयुरीचा पहिला शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसराही. मी ओरडलो, जोर लाव! तिसऱ्याला जोर लावला तर बॉल बोर्डवर आपटून सरळ बाहेर. फ्री थ्रो दहा. आठ हुकले. दर शॉटनंतर ती आपल्या हाताकडे बघत होती, जसं काही हात दुसऱ्या कोणाचा आहे. शेवटी शेवटी माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाइल काढला.

यादी संध्याकाळी लागली. तिचं नाव नाही. बसमध्ये खिडकीशी बसली. जांबचा फाटा येईपर्यंत मी बोलत होतो.

२ ऑक्टोबर
कारणं लिहून ठेवतो. एक, नागपूरची हवा. दोन, सिलेक्टर नागपूरचे. तीन, मयुरीचं मन कमजोर. हे मला आधीच जाणवलं होतं. चार, चणे सोबत न्यायचे राहिले.

पुढच्या वर्षी आणखी विश्रांती.

इतिहास छापायला गेला. बरं झालं, चाचणीच्या आधीच दिला होता.

४ ऑक्टोबर
सकाळी कोर्टवर गेलो तर मयुरी आधीच आलेली. सोबत शिडी आणि टेप. म्हणाली, “सर, तुमी खालचं टोक धरजा.”

मी म्हटलं, अगं, कशाला, मी मोजलेली आहे. तिनं ऐकलं नाही, चढली. मी वाकून टोक धरलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी असाच वाकलो होतो, पण तेव्हा हाताखाली कच्ची जमीन होती. आज हाताखाली चार थर होते. वाकल्या वाकल्या मला ते कळलं. तिनं आकडा सांगायच्या आधीच कळलं.

“नऊ फूट.” टेप नीट ताणून, “दोन इंच.”

दुसऱ्या टोकाची रिंगही मोजली. तीच.

मी म्हटलं, भैयाजींशी बोलतो, आठवडाभरात रिंग वर घेऊ. तुझा नेम चांगला आहे, दहा फुटांची सवय व्हायला कितीसा वेळ. ती शिडीवरून उतरली. टेप गुंडाळली. “रिंग तं वर करसान, सर,” म्हणाली. “वर्ध्याची सीट वापस भेटन काय?”

रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

शिडी खांद्यावर घेऊन गेली. ‘मी घेतो’ म्हणायचं सुचलं तेव्हा ती गेटबाहेर होती.

५ ऑक्टोबर
स्मरणिका आली. पान सतरा, माझा फोटो खांबाशेजारी. मी फार उंच दिसतो.

काल संध्याकाळपासून पाऊस. रस्त्यावरचं पाणी घरात शिरलं. कमलानं नुसती बादली हातात दिली. दाराशी बसून मगानं पाणी बाहेर टाकत होतो. तेवढ्यात लांबून सीताबाई वावरातून येताना दिसली, डोक्यावर प्लास्टिक. आज तिच्या मागे मयुरीही होती, हातात विळा. दाराशी आल्यावर सीताबाईनं नेहमीसारखं “सर” म्हटलं. रस्ता इतका वर आहे की मला त्या दोघींचे फक्त पाय दिसत होते. वर बघायचं झालं नाही.

बाहेर टाकलेलं पाणी परत आत येत होतं.