घरी कोण कोण असतं?

४ फेब्रुवारी १९९१
ठाण्याचं ट्रेनिंग संपलं. सार: माणूस खूश, तर काम चोख. आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात पितळी नळ गळके का निघतात ते आता कळलं. सुपरवायझर असून मी कधी कुणाची विचारपूस केली नाही. मॅनेजर हेमचंद्र साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे. रिजेक्शन उतरलं नाही तर माझी खुर्ची जाणार. उद्यापासून विचारपूस.

५ फेब्रुवारी
आटे पाडणाऱ्या मधूला केबिनमध्ये बसवलं. चहा पाजला. घरी कोण कोण असतं, विचारलं. घामाघूम झाला. म्हणे, साहेब, माझं काय चुकलं का? भिडस्त आहे. मोकळा होईल.

७ फेब्रुवारी
हरिचंद्रच्या घरी सतरा माणसं! सगळी त्याच्या एकट्याच्या पगारावर. जनूकडे एकोणीस. यांच्या पालेगावात एकत्र कुटुंबं अजून टिकून आहेत. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
रिजेक्शन वाढलं. माझ्या स्वभावात खोट आहे का, प्रामाणिकपणे तपासलं. नाही. दोष पॉलिशवाल्या गुरुदत्तच्या सुतकी चेहऱ्याचा. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

१३ फेब्रुवारी
युनियनचा सोमा आला. म्हणाला, साहेब, एकदाच काय ते सांगून टाका ना, कशाला तडपवताय? मागच्या कपातीत हेमचंद्र साहेबांनी असाच चहा पाजून घरचं विचारलं होतं. ज्याला विचारलं तो गेला. आता पोरांचे हात कापतात, आटे सरळ पडतील कसे? आणि गुरुदत्तने तर बायकोला माहेरी धाडलं.
निव्वळ गैरसमज. उद्या खुलासा.

१४ फेब्रुवारी
सगळ्यांना जमवून सांगितलं, कुणाच्याही नोकरीला धोका नाही. जेवणानंतर अर्धी मशिनं बंद. माणसं ऑफिसात, फंडाची चौकशी करायला.

१८ फेब्रुवारी
ताप. बदलापूरला घरीच. वृंदा म्हणते, अंथरुणातून कारखाना चालवू नका. पण मी नसताना तिकडे काय हाहाकार उडाला असेल!

२३ फेब्रुवारी
हजर झालो. रिजेक्शन निम्म्यावर! साहेब म्हणाले, या आठवड्यात केलंत तेच चालू ठेवा. मला खोटं बोलवत नाही. सांगितलं, साहेब, मी रजेवर होतो.
तेच म्हणतोय, म्हणाले.
विचार केला. ट्रेनिंगचा परिणाम उशिरा दिसतो, एवढाच अर्थ.

२८ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. आजवर कधी म्हणाले नव्हते. चहा आला. सोबत बिस्किटंही.
मग हळू आवाजात विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या?
घरी वृंदा आणि मी.
सतरा, म्हणालो.